अंगठ्याखालची ढील

घड्याळवाल्या चाचांनी रिळाचं बाजूचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. दुकान आमच्या आखाडा बाळापुरातलं, बाजाराच्या रस्त्यावरचं, एका टेबलाएवढं. समोर हळदीची पोती लादलेला ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या इंजिनानं कपाटाची काच थरथरत होती. चाचांनी आतलं स्पूल अलगद काढलं, दोन बोटांच्या टोकांवर आडवं धरलं आणि हलकी फुंकर मारली. ते फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. चाचांनी ते कानाशी नेलं, थांबेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "भाई, याला चावी कुठून देता?"

"हातानं," मी म्हणालो. "काठी मागं नेऊन पुढं झटकली की जो जोर बसतो, तीच याची चावी."

"आणि तो जोर हळूहळू सोडतं कोण?"

मी उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. चाचांनी भिंग काढून त्या अंगठ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मग हे घड्याळापेक्षा अवघड."

मासेमारीचं बेटकास्टिंग रीळ कसं निवडावं असं मला कुणी विचारलं की मी चाचांचे हे दोन प्रश्न सांगतो. पेटीवर छापलेले आकडे, बेअरिंगची संख्या, ओढ किती किलोची, हे सगळं नंतरचं. आधी पाहायचं ते एवढंच, की हे यंत्र जोर कसा सोडतं. रीळ म्हणजे दोरा गुंडाळायचं साधन असं आपण समजतो. या जातीच्या रिळाची खरी करामत मात्र गुंडाळण्यात नाही, सोडण्यात आहे.

संक्रांतीला गच्चीवर ज्यानं चक्री धरली आहे त्याला हे लगेच कळेल. पतंग उडवणारा "ढील दे" म्हणाला की चक्री सैल सोडायची. पण सैल म्हणजे मोकाट नव्हे. चक्री मोकाट सुटली, वर मांजाची ओढ कमी झाली आणि चक्री मात्र फिरतच राहिली, तर पुढच्या क्षणी हातात मांजाचा बोळा असतो. बेटकास्टिंग रिळात नेमकं हेच घडतं, फक्त वेग कितीतरी पट जास्त. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे स्पिनिंग रिळात स्पूल जागेवर स्थिर असतं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, त्याच्या कडेवरून वेटोळी वेटोळी निसटत जातो. ते शिकायला सोपं. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतः फिरतं. गळाला लावलेला रबरी बेडूक हवेत सुटला की तो दोऱ्याला ओढतो, दोरा स्पूलला ओढतो.

हिशोब करून पाहा. स्पूलचा व्यास ३२ मिलिमीटर धरला तर त्याचा घेर जवळपास १० सेंटिमीटर. बेडूक हातातून ताशी १०० किलोमीटर वेगानं सुटला तर सेकंदाला सुमारे २८ मीटर दोरा जाणार, म्हणजे स्पूलचे सेकंदाला २८० फेरे. मिनिटाला साडेसोळा हजारांच्या पुढं. हवेच्या विरोधानं बेडकाचा वेग त्याच क्षणापासून कमी व्हायला लागतो, पण स्पूलला ते कोण सांगणार? ते आपल्याच नादात फिरत राहतं, दोरा जाण्याआधीच सुटा होतो, फुगतो, उलटा गुरफटतो. इंग्रजीत त्या गुंत्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. आमच्याकडं "रीळ पिंजलं" म्हणतात आणि मला हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण ते दिसतं अगदी पिंजलेल्या कापसासारखं.

या सुटलेल्या जोराला शिस्त लावायच्या कामात घड्याळजी पुढं होते, याचं मला नवल वाटत नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा माणूस होता. मूठ एकदा फिरवली की स्पूल अनेकदा फिरेल असं दातेरी चक्रांचं रीळ त्यानं स्वतःच्या मासेमारीसाठी घडवलं. त्याच्यामागून मीक बंधू आणि मिलम आले. तेही घड्याळ आणि चांदीच्या कामातलेच. पितळ कानशीनं घासून, हातानं दाते पाडून केलेली ती केंटकी रिळं आजही जपणारे लोक आहेत. पुढं मिशिगनच्या कॅलामझू गावातल्या विल्यम शेक्सपियर यानं १८९७ साली दोरा आपोआप समान पसरवणाऱ्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्याचा आणि नाटककाराचा काही संबंध नाही.

आणि मग स्वीडन. १९२१ साली मोरुम नदीच्या काठी, स्वेंग्स्टा गावात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रोम यांनी कारखाना काढला. त्याच्या नावाचा अर्थच घड्याळ कारखाना असा होता. त्या नावाची आद्याक्षरं म्हणजे आबू. तिथं खिशातली घड्याळं झाली, मग टॅक्सीचे मीटर झाले. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्स्या उभ्या राहिल्या, मीटर कोण घेणार? तेव्हा मुलगा योते बोर्गस्ट्रोम यानं त्याच यंत्रांवर, त्याच कारागिरांच्या हातून रिळं घडवायला घेतली. कारखान्याबाहेरून सामन माशांची नदी वाहत होतीच. १९५२ साली त्यांचं अँबॅसडर ५००० आलं, लाल रंगाचं, गोल, तळहातात मावणारं. चाचांच्या टेबलावर उघडून पडलं होतं ते त्याच घराण्यातलं, बऱ्याच नंतरचं, हात बदलत माझ्याकडं आलेलं एक रीळ. त्याच १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानो यांनी सायकलच्या सुट्या भागांचा कारखाना सुरू केला होता. पुढं त्यांचंही नाव रिळांमध्ये एवढं मोठं व्हावं, हा योग मला फार आवडतो. एक टॅक्सीच्या मीटरकडून आला, दुसरा सायकलच्या फ्रीव्हीलकडून. दोघांनाही एक गोष्ट पाठ होती: फिरणारी वस्तू कधी मोकळी सोडायची आणि कधी धरायची.

आता रीळ हातात घेऊन वाचू या.

सगळ्यात आधी अंगठा टेकवायचा. रीळ काठीवर बसवलेलं असावं, नुसतं हातात घेऊन कळत नाही. काठी मुठीत धरल्यावर अंगठा आपोआप स्पूलवर येतो का, की ताणून न्यावा लागतो? गोल रीळ काठीवर उंच बसतं. बुटकं, ज्याला दुकानदार लो प्रोफाइल म्हणतात ते, तळहातात मुरतं. माझा हात लहान आहे, दिवसभर बुटकंच बरं वाटतं. तरी गोल रिळाला एक सुख आहे. त्याचं स्पूल दोन तबकड्यांच्या मध्ये चंद्रासारखं उघडं दिसतं आणि अंगठ्याला सबंध रुंदी मिळते. तबल्याच्या पुडीवर बोट ठेवल्यावर शाई कुठं सुरू होते ते वादकाला न पाहता कळतं. तसं दोऱ्यावर अंगठा ठेवल्यावर तो किती भरलेला आहे, कुठं उंचवटा आहे, ओला आहे की कोरडा, हे कळलं पाहिजे. ज्या रिळात अंगठ्याला जागाच नाही, ते कितीही महाग असो, मी खाली ठेवतो.

दुसरी गोष्ट, मुठीच्या बाजूला असलेली छोटी गुंडी. ती स्पूलच्या दांड्याला दोन्ही टोकांनी किती आवळायचं ते ठरवते. दांडा डावी-उजवीकडं हलतो का ते अंगठ्यानं ढकलून पाहायचं. किंचित जाणवेल न जाणवेल इतकाच हलावा. मग बेडूक बांधून काठी आडवी धरायची, स्पूल मोकळं करणारी कळ दाबायची आणि बेडूक आपल्या वजनानं खाली येऊ द्यायचा. तो जमिनीला टेकला की स्पूल अर्धा-पाऊण फेरा फिरून थांबलं तर जुळलं. बेडूक बदलला की ही जुळणी पुन्हा करायची, तंबोरा पुन्हा लावतात तशी. नवशिके इथं गुंडी करकचून आवळतात. गुंता होत नाही खरा, पण दोरा दहा हातांपुढं जात नाही आणि मग रिळाला दोष देतात.

खरी गंमत तिसऱ्या जागी आहे, लगामात. लगाम दोन जातींचे. पहिला केंद्रापासून दूर सरकणाऱ्या ठोकळ्यांचा. स्पूलच्या टोकाला बारीक दांड्यांवर चण्याच्या डाळीएवढे ठोकळे असतात. स्पूल जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या कड्याला घासतात. वेग दुप्पट झाला की घासण्याचा जोर चौपट. म्हणजे फेकीच्या पहिल्या क्षणी, जेव्हा स्पूल उधळलेलं असतं, तेव्हा हा लगाम सगळ्यात घट्ट असतो. वेग उतरू लागला की तो स्वतःहून सोडून देतो आणि शेवटचे आठ-दहा हात बेडूक निर्धास्त तरंगत जातो. अँबॅसडरच्या त्या घराण्यात हाच लगाम असायचा. त्या शेवटच्या टप्प्यात दोऱ्याचा जो बारीक सूं असा आवाज हळूहळू विरत जातो, तो ऐकण्यासाठी मी कधीकधी मासा नसलेल्या पाण्यातही दोन-चार फेका टाकतो.

दुसरा लगाम चुंबकाचा. त्याचं तत्त्व आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेलं होतं. जुना काळा वीजमीटर आठवा. काचेआड ॲल्युमिनियमची तबकडी फिरायची, तिच्या कडेवर खूण असायची आणि लहानपणी आपण ती किती वेळात परत येते ते मोजायचो. त्या तबकडीच्या एका बाजूला लोहचुंबक होता, तबकडीला न शिवता. चुंबकाजवळून धातू सरकला की धातूच्या पोटात विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरेच त्या हालचालीला अडवतात. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिलं होतं. मीटरची तबकडी या लगामामुळंच विजेच्या प्रमाणात फिरायची. रिळाच्या स्पूललाही तसाच न शिवणारा लगाम. इथं जोर वेगाच्या प्रमाणात, दुप्पट वेगाला दुप्पट. त्यामुळं सुरुवातीला तो थोडा मऊ आणि शेवटी थोडा चिकट. पण बाहेरच्या चकतीनं, झाकण न उघडता, कमी-जास्त करता येतो.

दोन्हींत श्रेष्ठ कोण, या वादात मी पडत नाही. पाणी पाहून ठरवतो. इसापूर धरणाच्या फुगवट्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उठतो. बेडूक वाऱ्याविरुद्ध टाकला की हवेतच अडतो, स्पूल मात्र अडत नाही. तिथं चुंबकाची चकती दोन घरं पुढं सरकवणं सोयीचं. कयाधूच्या एखाद्या शांत डोहावर, सकाळी, ठोकळ्यांचा लगाम आणि अंगठा. एवढं पुरे, आणि आनंदही जास्त.

मासा कोणता, हे न सांगता एवढं बोललो. अमेरिकेत ही रिळं ज्या माशासाठी सगळ्यात बारकाईनं निवडली जातात, तो मस्की. चार फुटांच्या पुढं वाढणारा, सुळ्यांचा, गवतात दबा धरणारा. विस्कॉन्सिन राज्यानं त्याला आपला राज्यमासा केलं आहे आणि १९४९ साली तिथंच कॅल जॉन्सन यांनी धरलेल्या ६७ पौंड ८ औंसांच्या मस्कीचा विक्रम आजही सांगतात. दहा हजार फेकांचा मासा अशी त्याची ख्याती. आमच्या पाण्यात त्याच्या स्वभावाचा सोयरा आहे, मरळ. नात्यानं दूरची, वागण्यानं जवळची. तीही बेशरमीच्या झुडपांच्या मुळाशी, पाणकणसाच्या आड, बुडालेल्या बाभळीच्या खोडाशी दबा धरून असते. तिला डोक्यात हवा साठवायची जागा आहे, म्हणून ती अधूनमधून वर येऊन श्वास घेते. पृष्ठभागावर एकच बुडबुडा, एकच वलय. ते पाहून वाट पाहायची आणि बेडूक तिच्यापुढं दोन हातांवर, आवाज न करता ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. तेलंगणानं मरळीला राज्यमासा केलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबादेशी जोडलेला, त्यामुळं ती ओढ असेल.

माझा भाचा मिनेसोटाला असतो. तो एका दिवाळीत येताना त्याचं मस्कीचं रीळ घेऊन आला. "मामा, हे टाकून बघा." रीळ भारदस्त, दोन्ही तळहातांत धरावं असं. ८० पौंडांचा विणलेला दोरा, मुठीच्या दोन्ही टोकांना लिंबाएवढे गोळे. त्यावर तो तिकडं पाव किलोच्या आसपासची लाकडी आमिषं फेकतो. आम्ही त्याला माझा १५ ग्रॅमचा बेडूक बांधला. भाच्याचा हात सरावाचा, फेक सुरेख, तरी बेडूक काठापासून चार-पाच हातांवर टपकला. दुसऱ्या खेपेला त्यानं जोर वाढवला, तर रीळ पिंजलं.

"असं कसं?" तो म्हणाला.

चूक ना त्याची, ना रिळाची. स्पूलला फिरतं करायचा सगळा जोर बेडकाकडूनच येतो. जड स्पूल, त्यावर शंभर वाव जाड दोरा, आणि त्याला ओढणार १५ ग्रॅम. बैलगाडीला शेळी जुंपावी तसं ते. पाव किलोचं आमिष तेच स्पूल लीलया पळवतं. म्हणून मरळीसाठी स्पूल लहान, हलकं, पातळ भिंतीचं घ्यावं आणि दोराही ५० पौंडांच्या आसपासचा, लागेल तेवढाच भरावा. आम्ही ४० मीटरच्या पुढं टाकतच नाही, मग दीडशे मीटर दोऱ्याचं ओझं स्पूलनं का वाहावं? खाली थोडा स्वस्त तंगूस भरायचा, वर विणलेला दोरा. स्पूलच्या काठाला एक-दोन मिलिमीटर मोकळे ठेवायचे.

चक्रांचं गणितही पाण्यावरूनच ठरतं. ५.३ ला १ म्हणजे मूठ एकदा फिरली की स्पूल सव्वापाच फेरे, आपल्या दहा सेंटिमीटर घेराच्या स्पूलवर ५३ सेंटिमीटर दोरा आत. ७.३ ला १ म्हणजे ७३ सेंटिमीटर. मस्कीवाले मोठ्या दुहेरी पात्यांची आमिषं ओढताना कमी आकडा घेतात, कारण ती पाती पाणी धरतात आणि मूठ जड होते. सायकल चढावर असली की हलक्या गिअरवर कशी घेतो, तसंच. मरळीचा बेडूक पाण्यावरून घसरतो, त्याला ओढ अशी नाहीच. पण ती त्याच्यावर तुटून पडली की दोरा सैल असतो आणि तो सैलपणा पापणी लवायच्या आत गोळा करावा लागतो. म्हणून मी सातच्या वरचा आकडा घेतो. चक्रं पितळेची मिळाली तर पितळेचीच. जड असतात, पण त्यांचे दाते वर्षानुवर्षं एकमेकांत मुरत जातात. नवं असताना खरखरणारं पितळ दोन हंगामांनी लोण्यासारखं होतं.

यात एक जागा अशी आहे जिच्यावर माझा खास जीव आहे. दोरा पसरवणारी ती छोटी कडी. ती डावीकडून उजवीकडं आणि परत येते, मूठ मात्र एकाच दिशेनं फिरत असते. हे कसं? कडीच्या खाली एक दांडा आहे. त्याच्यावर स्क्रूसारख्या खाचा, पण दोन: एक उजव्या वळणाची, एक डाव्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या, आणि दोन्ही टोकांना हळुवार वळून एकमेकींत मिळणाऱ्या. कडीच्या पोटात नखाएवढी जिभली असते, ती त्या खाचेत चालते. टोकाला पोचली की आपोआप दुसऱ्या खाचेत वळते. वेणी घालणारी बोटं कशी शेवटाला पोचून परत वळतात, तशी. हा दांडा हातात घेऊन उन्हात फिरवून पाहा. त्या छेदणाऱ्या रेघांतून उजेड जाळ्यासारखा पळतो. चाचांनी तो घासून माझ्या हातात दिला तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, मान हलवली फक्त. रीळ निवडताना ही जिभली आणि हा दांडा सुटा काढता येतो का, ते नक्की पाहा. काळ्या मातीची धूळ सगळ्यात आधी इथंच बसते.

बेअरिंगच्या आकड्यांना मात्र भुलू नका. मी एकदा भुललो. पेटीवर ठसठशीत १८ लिहिलेलं, किंमत निम्मी. पहिल्या महिन्यात छान चाललं. मग मूठ मागं सरकायला लागली, चिमूटभर, पण सरकायची. मरळीला गळ रुतवायचा तो एकच क्षण असतो. बेडूक तोंडात गेल्यावर मनात एक-दोन मोजायचं, दोऱ्याला वजन जाणवलं की काठी सपकन वर. त्या झटक्यात मूठ चिमूटभर मागं आली आणि गळ रुतलाच नाही. पाण्यावर तांबूस-काळी पाठ वळली, शेपटीनं एक झपका मारला आणि बेडूक माझ्याकडं परत आला, रबरावर दातांच्या खुणा घेऊन. अठरा काय, चार चांगली बेअरिंग पुरतात. दोन स्पूलला, बाकी मुठीला. त्यापेक्षा मूठ उलटी ढकलून पाहा: ठप्प थांबली पाहिजे, भिंतीला टेकल्यासारखी.

ओढीचा चाप, ते चांदणीच्या आकाराचं चक्र, दुकानातच तपासता येतो. मध्यम आवळून दोरा हातानं अगदी हळू ओढायचा. पहिल्यांदा अडून मग एकदम सुटला, तर ते रीळ नको. आतल्या चकत्या एकमेकींना चिकटून बसताहेत. लोण्यात सुरी जावी तसा पहिल्या बोटापासून सरकला पाहिजे. कार्बनच्या चकत्या यासाठी चांगल्या. मरळीसाठी मी चाप जवळजवळ पूर्ण आवळतो, कारण तिला एक हात जरी आत जाऊ दिलं तरी ती शेवाळात शिरून बसते आणि मग चिखल ओढायचा. मस्की मोकळ्या पाण्यात पळतो, त्याला थोडी मोकळीक देता येते. इथं मात्र सगळी ढील फेकीतच देऊन संपलेली असते.

धरणावर भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेचा ठेका असतो. आधी त्यांना विचारूनच मी काठी काढतो. त्यांच्यातले एक आबा हातगळावरचे. काठी नाही, रीळ नाही, तंगूस डाव्या हाताच्या वेटोळ्यात आणि उजव्या तर्जनीवरून पाण्यात. मासा चाटून गेला की शिंगटी होती की वाम, ते बोटावरून सांगतात. एकदा सकाळी माझं रीळ त्यांच्या हातात दिलं. कळ कशी दाबायची ते दाखवलं, अंगठा कुठं ठेवायचा ते मुद्दामच सांगितलं नाही. त्यांनी काठी हलवून वजन घेतलं, स्पूलवर अंगठा टेकवला, डोळे किलकिले केले आणि बेडूक सोडला. जोर फार नव्हता. बेडूक बेशरमीच्या फांदीखाली गेला आणि पाण्याला टेकायच्या आधी आबांचा अंगठा स्पूलवर असा दबला की दोऱ्यात एकही वळ सुटा राहिला नाही. टपकल्याचा आवाज आला नाही. मी पंधरा वर्षांत जे कमावलं ते त्यांनी पहिल्या फेकीत केलं.

"हे तं बोटावरचंच हाय," आबा म्हणाले. "फकस्त फिरतंय."

मग रीळ कानाशी नेलं, चाचांनी नेलं होतं तसंच, आणि मूठ हळूहळू फिरवत ऐकत राहिले.

मृग लागला की मी काठी भिंतीला टेकवतो. पाऊस पडून पाणी चढतं, मरळ उथळात जोडीनं घरटं करते आणि मग लाल-केशरी पिल्लांचा थवा घेऊन फिरते. पिल्लं एकदम श्वासाला वर आली की पाण्यावर भुरभुर पाऊस पडल्यासारखं दिसतं. त्या थव्याखाली नर-मादी दोघंही असतात आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. बेडूक तिथं टाकला तर हमखास लागतात, आणि तसं टाकणारे लोक आहेत. मला ते पाहवत नाही. ते महिने रीळ कपाटात असतं. दोरा काढलेला, लगामाचे ठोकळे पुसलेले, स्पूलच्या दोन्ही टोकांना सुईच्या अग्राएवढं तेल. जास्त नाही, जास्त तेलानं स्पूल जड होतं. चाप मात्र पूर्ण सैल सोडलेला, नाहीतर चकत्या दबून बसतात.

पोळ्याच्या आसपास पाणी निवळायला लागतं. तेव्हा मी ते कपाटातून काढतो, अजून दोरा भरलेला नसतो, आणि चाचांच्या दुकानात घेऊन जातो. त्यांना काही दुरुस्त करायचं नसतं. ते झाकण उघडतात, स्पूल दोन बोटांवर धरतात, फुंकर मारतात. समोरच्या रस्त्यावरून गाड्या जात असतात. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत ऐकतो.